शीग

दिवाळी अंकासाठी ‘घरातली एक वस्तू’ या विषयावर लेख द्यावा, असे एका संपादक मित्राने मे महिन्यात सांगितले, तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. काम हातचा मळ वाटले होते. आजी आणि तिची वस्तू एकत्र आल्या की लेख आपोआप होतो, असा माझा समज होता, आणि माझ्याकडे आजीचे धान्य मोजायचे लाकडी मापटे आहे. पुण्यातील घरात पुस्तकांच्या कपाटावर ते गेली अठरा वर्षे बसून आहे. आल्यागेल्याने ‘हे काय?’ असे विचारले की मी ‘आजीचं मापटं’ एवढेच सांगते आणि समोरचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो. या ‘अरे वा’चाच हजार-बाराशे शब्दांचा लेख करायचा होता.

पहिला खर्डा एका बैठकीत झाला, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते. त्याचे पहिले वाक्य असे होते : ‘आजीच्या हातांची ऊब या मापट्यात अजून साठून आहे.’ वाक्य लिहून मी कपाटावरून मापटे खाली काढले आणि आत हात घातला. तळाशी धूळ होती, एक टाचणी होती आणि विजेच्या कुठल्या तरी जुन्या बिलाची घडी होती. लाकूड पावसाळी हवेत असते तसे किंचित दमट लागले. ऊब वगैरे काही नव्हती. तरी ते वाक्य मी लगेच खोडले नाही, कारण ते वाचायला बरे वाटत होते. त्यापुढे आजी होती, कोकणातील घर होते, माजघरातला अंधार होता, उकड्या तांदळाच्या पेजेचा वास होता, आणि शेवटी ‘आजी शीग लावून द्यायची, आयुष्यही तिने शिगेनेच दिले’ असे एक वाक्य होते, जे मला त्या दिवशी फार आवडले होते.

आपल्याकडे वस्तूंवर लिहिण्याची सवय शाळेतच लागते. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी नदी बोलतेय’, ‘पडक्या किल्ल्याचे मनोगत’ अशा निबंधांत आम्ही सर्व निर्जीव पदार्थांना बोलायला लावले, आणि ते सर्व पदार्थ एकसारखेच बोलले : पूर्वी माझा मान होता, आता कोणी विचारत नाही. पुढे माणूस मोठा होतो, ‘मी’च्या जागी ‘ते’ लिहू लागतो, पण वस्तूच्या तोंडी घातलेले भाषण तेच राहते. माझा पहिला खर्डा म्हणजे ‘मी मापटे बोलतोय’ याचीच वाढीव आवृत्ती होती. एवढे लक्षात आल्यावर मी तो बाजूला ठेवला आणि, थोडे उशिरा का होईना, मापट्याकडे नीट पाहायला बसले.

त्याची उंची आतून 8.5 सेंटिमीटर आणि तोंडाचा व्यास 9 सेंटिमीटर आहे. फणसाच्या एकाच ओंडक्यातून ते कातून काढले आहे. फणसाचे लाकूड नवे असताना पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तांबूस तपकिरी होत जाते, तसे ते झाले आहे. बुडाशी पितळेची पट्टी आहे. वरच्या काठालाही तशीच पट्टी असणार, कारण तिथे बोटभर रुंदीचा फिकट वळ आहे आणि खिळ्यांची चार भोके आहेत, त्यांतील एकात अजून खिळ्याचा तुकडा आहे. काठ मात्र सारखा नाही. एका बाजूला तो चांगला दोन-अडीच मिलिमीटर झिजलेला आहे आणि तेवढ्या भागात लाकूड काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. सपाट फरशीवर पालथे घातले तर मापटे त्या बाजूला किंचित कलते आणि टिचकी मारली की डुगडुगते. अठरा वर्षांत मला हे ठाऊक नव्हते, कारण अठरा वर्षांत मी ते कधी पालथे घातले नव्हते.

मापटे म्हणजे अर्धा शेर. माझ्या पिढीने ही मापे वापरली नाहीत, पण वडिलांना कोष्टक तोंडपाठ होते आणि प्रवासात कंटाळा आला की ते म्हणून दाखवत : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, पुढे मण आणि वीस मणांची खंडी. ही सगळी मापे भरायची होती, तोलायची नव्हती, आणि गावागणिक त्यांत फरक असे. एका तालुक्याचा शेर दुसऱ्या तालुक्यात गेला की तो शेर राहीलच असे नव्हते. ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण आपण आता माणसांच्या हुशारीबद्दल वापरतो. बाजारात ती अक्षरशः खरी ठरत असणार, असे मला ती दोन गावांची मापे डोळ्यांपुढे आणली तेव्हा पहिल्यांदा वाटले.

खर्ड्यात मी असेही लिहिले होते की, हेच ते मापटे, ज्यात तांदूळ भरून उंबऱ्यावर ठेवले होते आणि नव्या नवरीच्या उजव्या पायाने ते लवंडून आजी या घरात आली. ‘माप ओलांडून आली’ हा वाक्प्रचार हाताशी तयार होता, वस्तूही तयार होती, दोन्ही जुळवायला कितीसा वेळ लागतो? तरी खात्री करावी म्हणून डोंबिवलीला आत्याला फोन केला. आत्या त्र्याऐंशी वर्षांची आहे, तिला ऐकू कमी येते आणि आठवते जास्त.

“कुणी सांगितलं तुला?” ती म्हणाली.

“कुणी नाही. मला वाटलं.”

“अगं, ते माप पितळेचं होतं. आणि आपलं नव्हतंच. घरातलं चांगलं दिसेना म्हणून वरच्या वाडीतून मागून आणलं होतं, आणि संध्याकाळच्या आत परत करायचं म्हणून आईला घाईघाईत आत घेतली. आईच सांगायची हसत.”

उसनी आणलेली वस्तू आणि परत करण्याची घाई, हे माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगले होते. पण ते माझ्या मापट्याचे नव्हते. मी तो परिच्छेद काढून टाकला. काढताना जिवावर आले हे कबूल करायला हवे, कारण संपूर्ण लेखात वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणील अशी ती एकच जागा होती.

दरम्यान एका रविवारी पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन आले. तिथे पूर्वी शाळेच्या सहलीतून गेले होते आणि मस्तानी महालाखेरीज काहीही आठवत नव्हते. या वेळी दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी असेच पाहत हिंडले. एका माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या घरांतल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या आणि त्या सगळ्यांवर लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव घातले. प्रत्येक वस्तूशेजारी प्रदेश आणि शतक लिहिलेले आहे. ती कोणाच्या हातात होती हे कुठेही लिहिलेले नाही, आणि ते कळण्याची सोयही नाही. मला प्रथम ते रुक्ष वाटले. घरी येताना वाटले, की निदान त्या पाटीवर जे आहे ते खरे आहे. माझ्या खर्ड्यात एवढेही नाही.

म्हणून मग मापट्यावर लिहिण्याऐवजी मापट्याने मोजायचे ठरवले. ते धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्याशेजारी ठेवले आणि घरातला कोलम तांदूळ त्यात भरला. काठाबरोबर, म्हणजे वरून सुरीच्या पाठीने सारखा केलेला तांदूळ भरला 450 ग्रॅम. नंतर पुन्हा भरला आणि वरून ओतत राहिले, तांदूळ चहूबाजूंनी घरंगळू लागेपर्यंत. काठाच्या वर एक टोकदार टेकडी उभी राहिली, सुमारे तीन सेंटिमीटर उंचीची. हीच शीग. मापाच्या काठावर उभी राहणारी धान्याची रास, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण निवडणुकीच्या निकालाबद्दल आणि क्रिकेटच्या सामन्याबद्दल रोज लिहितो, तेव्हा नकळत धान्याच्या मापाचीच भाषा बोलत असतो. शिगेसकट तांदूळ भरला 505 ग्रॅम.

पंचावन्न ग्रॅम म्हणजे दोन मुठी. एका मापाला दोन मुठी ही माया आहे, असे मी खर्ड्यात धरले होते. मात्र आकडे कागदावर मांडले तेव्हा निराळेच दिसले. शिगेची आठ मापे आणि काठाची नऊ मापे जवळपास सारखी होतात, 4040 आणि 4050 ग्रॅम. म्हणजे दर आठ मापांमागे एक अख्खे माप हवेत उभे असते, ज्याला कोष्टकात जागा नाही. मोठे माप घेतले आणि त्याचा घाट असाच ठेवला, तर प्रमाणही हेच राहते. शिवाय आत तेवढेच धान्य मावणारे, पण तोंडाला रुंद आणि उंचीला बुटके माप घेतले, तर शीग आणखी मोठी होते. तोंड अरुंद केले तर ती आक्रसते. भाताचे दाणे तुसामुळे खरबरीत असतात, त्यामुळे भात तांदळापेक्षा अधिक उभे राहते. एवढे सगळे कातारी, दुकानदार, जमीनदार आणि मजूर या सर्वांना भूमितीशिवाय कळत असणार. मला कळायला काटा लागला.

त्या रात्री आत्याला पुन्हा फोन केला आणि या वेळी प्रश्न बदलून विचारला. आजी शीग लावून द्यायची, हे खरे; पण घेताना?

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. तिला ऐकू आले नसेल म्हणून मी मोठ्याने विचारणार, तेवढ्यात ती म्हणाली, “घेताना म्हणजे खंड म्हणतेस का? खंड पायलीने. अण्णा बसायचे ओटीवर, खाली खळ्यात गडी माप करायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. शिगेचंच असायचं. तसंच असायचं सगळीकडे.”

“आणि ती पायली कुठे गेली?”

“कोण जाणे. फुटली असेल. बंबात घातली असेल.”

कोकणात कुळाने जमिनीच्या मालकाला धान्यात द्यायच्या वाट्याला खंड म्हणत. आमचे घर खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, नव्हते, असे वडील आग्रहाने सांगत. पण दोन कुळे होती आणि त्यांच्याकडून दर वर्षी भात येई, हेही ते त्याच वाक्यात सांगत. हा सगळा इतिहास मी पुस्तकात वाचलेला होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे 1933 साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी संप केला आणि 1939 पर्यंत जमिनी न कसता उपासमार काढली, डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला 1949 उजाडले. कूळकायदा 1948 चा, आणि कसणारा हाच मालक असे ज्या दिवसापासून धरले गेले तो दिवस 1 एप्रिल 1957. या तारखेपाशी मी थबकले, कारण ती मला दुसऱ्याच कारणाने पाठ होती. त्याच दिवशी देशात नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. वडिलांच्या बोलण्यात त्या दिवसाची आठवण असे ती नव्या पैशाच्या चकचकीत नाण्याची. त्याच सकाळी घरातला खंड कायमचा संपला, याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. पुढे दीड वर्षाने, ऑक्टोबर 1958 पासून, किलो आणि लिटर टप्प्याटप्प्याने आले. काट्यावर शीग नसते. माप गेले तशी तीही गेली आणि मराठीत तेवढा वाक्प्रचार मागे राहिला. नाही म्हणायला जत्रेत चुरमुरे किंवा शेंगदाणे अजून डब्याच्या मापाने मिळतात, आणि तिथे आपण सगळेच ‘वर घाला की थोडे’ असे म्हणतो.

जुलैमध्ये सातबाऱ्याच्या कामासाठी गावी जायचे होतेच. तलाठी भेटले नाहीत, ते एक बरे झाले, कारण दुपार मोकळी मिळाली. आमच्या जुन्या कुळांपैकी एका घरी गेले. आता ते कूळ नाहीत आणि आम्ही मालक नाही. त्यांची आंब्याची बाग आहे, मुलगा चिपळूणला नोकरीला आहे, आणि आमच्या घराच्या कौलांतून पाणी गळते. घरातले म्हातारे काका नव्वदीच्या आसपासचे. मी पिशवीतून मापटे काढून त्यांच्यासमोर ठेवले, तेव्हा त्यांनी ते उचलले, उलटे करून बुडाची पट्टी पाहिली आणि खाली ठेवले. माझी अपेक्षा होती की ते काही तरी बोलतील. मी स्वतःच विचारले, की खंड घालायला तुम्ही येत होता का?

“यायचो की. वडलांबरोबर. डोक्यावरून आणायचं भात.”

“माप कसं असायचं?”

“माप बरोबर असायचं,” ते म्हणाले. “मापात तुमच्या आजोबांनी कधी खोट नाही केली. वर शीग असायची ती वेगळी.”

“आणि मजुरीचं?”

“मजुरीला काठाबरोबर.” त्यांनी उजव्या हाताचा तळवा हवेत आडवा फिरवला. सत्तर वर्षांपूर्वीची ती हालचाल त्यांच्या हातात जशीच्या तशी होती. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ते म्हणाले, “तुमच्या आजी बऱ्या होत्या, ताई. खंड घालायला गेलो की पेज द्यायच्या आम्हाला. खळ्यात बसून खायचो. वर मीठ, लोणचं.”

खळ्यात, म्हणजे ओटीच्या खाली. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही आणि मीही काही बोलले नाही. चहा घेतला. निघताना त्यांच्या सुनेने पिशवीत दहा-बारा कोकमे आणि एक फणस घालायला घेतला. फणस एसटीतून कसा नेऊ, असे मी म्हटले, तेव्हा ती म्हणाली, “न्या हो, मांडीवर घेऊन बसा.” मी तो मांडीवर घेऊन बसले. महाडपर्यंत पिशवीतून मापटे गुडघ्याला टोचत होते.

दुसरा खर्डा त्या प्रवासातच मनात तयार झाला आणि पहिल्यापेक्षा वेगाने लिहून झाला. त्यात ऊब नव्हती. त्यात 450 आणि 505 ग्रॅम होते, पायली होती, ओटी आणि खळे होते, 1 एप्रिल 1957 होता. आणि त्याच्या मध्यभागी मापट्याचा झिजलेला काठ होता. काकांच्या आडव्या तळव्यापाशी तो काठ मी नेऊन ठेवला. माझा तर्क असा होता : मजुरीचे धान्य मोजताना काठावरून हात किंवा पट्टी सतत फिरत राहिली, त्याने काठ एका बाजूने झिजला; म्हणजे हे मापटे देण्याचे माप होते आणि देताना ते नेहमी छाटलेले असे. मी लिहिले : ‘घेताना शीग, देताना काठ. शीग मागे खूण ठेवत नाही, छाटणारा हात ठेवतो.’ हे वाक्य मी तीनदा वाचले. आजीच्या मायेचा पुरावा म्हणून जी वस्तू अठरा वर्षे कपाटावर ठेवली, तीच घराच्या हिशेबाची साक्षीदार निघाली, असा त्या लेखाचा घाट होता आणि तो पक्का बसला होता. पहिल्या खर्ड्यातील आजीविषयीचे शेवटचे वाक्य मी या खर्ड्यात उलटे करून वापरले, तेव्हा मला थोडा पराक्रमही वाटला.

संपादकांना लेख आवडला. ‘आजी एवढी कडक का केलीस?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि आपल्या वर्गाची झाडाझडती घेणारे लेखन वाचक हल्ली मानाने वाचतात, असेही म्हणाले. मला ते ऐकून बरे वाटले आणि बरे वाटल्याबद्दल थोडे ओशाळल्यासारखेही झाले. लेख ऑगस्टअखेर गेला, अंक वसुबारसेला हातात आला.

भाऊबीजेनंतर अंक घेऊन डोंबिवलीला गेले. आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तिच्या नातवाने लेख मोठ्याने वाचून दाखवला. मी समोर बसले होते. स्वतःचा लेख दुसऱ्याच्या तोंडून, तोही शेजारी प्रेशर कुकर लागलेला असताना, ऐकणे ही शिक्षा असते. जिथे जिथे मी शब्द फुगवला होता तिथे तिथे मुलगा अडखळत होता. खंडाच्या भागाला आत्याने मान हलवली. खळ्यातल्या पेजेला ती म्हणाली, “हो, तसंच होतं. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, तेच वाईट.” मग काठाचा परिच्छेद आला आणि तिने हात वर करून मुलाला थांबवले.

“हे कुणी सांगितलं?”

मला मे महिन्यातला फोन आठवला. “कुणी नाही,” मी म्हणाले. “काठ झिजलाय ना एका बाजूला, त्यावरून.”

“मजुरीचं माप शेराने व्हायचं. पडवीत. तेही अण्णाच करायचे. मापटं कुठलं बाहेर यायला? ते कणगीत असायचं, तांदळात. सकाळ-संध्याकाळ आई आत वाकून खुपसायची आणि भरून काढायची. कणगीच्या तळाला तांदूळ गेला, की आतून खरडल्याचा आवाज यायचा, तो आम्हाला ओटीवर ऐकू यायचा. मग अण्णा म्हणायचे, दळायला काढा. खुपसून खुपसून झिजलंय ते. तुझ्या डाळीच्या डब्यातली वाटी बघ, तीही अशीच एका अंगाने झिजलेली असेल.”

नातवाने विचारले, “मग पुढे वाचू का?” आत्या म्हणाली, “वाच की. बाकी चांगलं लिहिलंय तिने.”

पायली खळ्यात भरत होती, शीग चढत होती, मजुरी काठाबरोबर छाटली जात होती. काकांनी सांगितले त्यातला एक शब्दही खोटा ठरला नव्हता. खोटे ठरले होते ते फक्त मी मापट्याला उभे केलेले साक्षीदाराचे पिंजरे, आधी एका बाजूचे आणि नंतर दुसऱ्या बाजूचे. त्या घरात ज्या मापाने खरोखर घेतले-दिले गेले ती पायली आणि तो शेर कोणी जपले नाहीत. जपले गेले ते स्वयंपाकघरातले, चार माणसांच्या भाताएवढे, कोणाच्याही व्यवहारात नसलेले मापटे. बंबात काय घालायचे आणि कपाटावर काय ठेवायचे, ही निवड आमच्याकडे कोणी केली, की आपोआप झाली, हे आत्याला विचारावेसे वाटले. पण कुकर झाला होता आणि पाने घेतली जात होती.

अंक छापून झाला होता. संपादकांना दुरुस्तीचे चार ओळींचे पत्र पाठवले, ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले. दिवाळी अंकाला पुढचा महिना नसतो.

पुण्याला परतल्यावर कपाटावरून मापटे काढले आणि तांदळाच्या डब्यात घातले. डबा स्टीलचा आहे, कणगीसारखा खोल नाही, तरी वाकावे लागते. पहिल्यांदा ते तसेच, हाताला येईल तसे खुपसले, तर काठ तांदळावर अडला आणि दाणे बाजूला उडाले. मग मनगटात फिरवून झिजलेली बाजू खाली केली. मापटे आवाज न करता आत गेले. भरून वर काढले तेव्हा त्यावर शीग होती, ओबडधोबड, एका बाजूला जास्त. माणसे चार होती, मी तळव्याने ती डब्यात परत लोटली आणि भात लावला.